परगावच्या बाईला रात्री घराबाहेर काढलं, तर पहिल्या तीन दिवसांचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून?

पंचगंगाघाट
हातकणंगले तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीचं पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक बसवायचं चाललंय. गावात यंत्रमागाच्या शेडमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची कुटुंबं राहतात. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, दोन-तीन नेपाळी चौकीदारांची बिऱ्हाडं आहेत. यांच्यातल्या एखाद्या बाईला नवऱ्यानं मारून रात्री बाहेर काढलं, तर गावच्या लेकीसारखं तिला मावशीकडं किंवा मामाकडं जाता येत नाही. आधार कार्ड नवऱ्याच्या पेटीत, मोबाईल त्याच्या हातात, मराठी तोडकंमोडकं आणि कडेवर पोर.

कायदा, हेल्पलाइन, केंद्र सगळं आहे हे माहीत आहे. अडतं ते पहिल्या दोन-तीन दिवसांच्या पैशांवर. रिक्षा, औषध, दूध, कपडे, तिकीट. ही रक्कम चार-पाच हजारांच्या वर जात नाही, पण ती कोणाच्याच अधिकारात नसते. स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कोणत्या पैशातून आणि कशा पद्धतीनं ही सोय बसेल? लेखा आक्षेप येणार नाही असं उत्तर हवंय.

जमाखर्च
पैसा आहे, त्याला हात घालायची तजवीज नाही. आधी पैसा कुठं आहे ते बघा.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाच्या 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीलाही स्व-उत्पन्नातले 10 टक्के मिळतात. महापालिकेला अंदाजपत्रकात 5 टक्के तरतूद दाखवावी लागते. जिल्हा वार्षिक योजनेत महिला व बालविकासासाठी 3 टक्के निधी राखीव असतो.

यातला तातडीच्या कामाचा फक्त ग्रामपंचायतीचा आणि महापालिकेचा स्वनिधी. जिल्हा नियोजनच्या पैशाला प्रशासकीय मान्यता, कधी तांत्रिक मान्यता आणि मग वितरण आदेश लागतो. त्यातून खोल्या बांधा, खाटा घ्या, गाडी घ्या. रिक्षाचं भाडं त्यातून निघणार नाही. वित्त आयोगाच्या पैशाचंही तेच. तिथं सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी दोघांच्या डिजिटल सह्या उमटल्याशिवाय रुपया हलत नाही. रात्री साडेअकराला त्या कोण करणार?

सायझिंग
जिल्हा परिषदेच्या 10 टक्क्यांबद्दल भर. त्या योजनांच्या यादीत समुपदेशन केंद्र चालवणं बसतं, पण बराचसा पैसा शिलाई मशीन, सायकल, पिठाची गिरणी अशा वस्तूंकडं वळतो. वैयक्तिक लाभाच्या त्या योजनांना रहिवासी दाखला, रेशन कार्ड आणि आधारला जोडलेलं बँक खातं लागतं. परप्रांतातल्या बाईकडं या तिन्हींपैकी एकही हाताशी नसतं. म्हणून या मदतीला कधीही "वैयक्तिक लाभाची योजना" म्हणू नका. तसं म्हटलं की अर्ज, छाननी, लाभार्थी यादी आणि समितीची बैठक असं चक्र सुरू होतं, आणि बाई तोवर पुन्हा त्याच खोलीत गेलेली असते.

शिरोळवाला
एक सरळ प्रश्न विचारतो, कारण ग्रामसभेत तो येणारच. गावच्या घरफाळ्यातनं परगावच्या माणसांवर खर्च का करायचा?

सायझिंग
दादा, ज्या शेडमध्ये ती बाई कांड्या भरते त्या शेडचा घरफाळा गावच्या तिजोरीत येतो. ज्या खोलीत ती राहते त्या खोलीचा घरमालक तिच्या भाड्यातनंच फाळा आणि पाणीपट्टी भरतो. ही 10 टक्के रक्कम पंचायत हद्दीतल्या महिला आणि बालकांसाठी असते, मतदार यादीतल्या महिलांसाठी नव्हे. हे ग्रामसभेत शांतपणे सांगितलं की माणसं ऐकतात.

आणि शिरोळ तालुक्यातल्याच हेरवाडनं मे 2022 मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. ग्रामपंचायतीच्या ठरावात ताकद नसते असं आपल्या जिल्ह्यात तरी कुणी म्हणू नये.

शिरोळवाला
पटलं. मग ग्रामसभेआधीच्या महिला सभेत हा विषय घ्या. ती सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे, पण बऱ्याच ठिकाणी ती वहीत सह्या घेऊनच उरकतात. महिला सभेचा ठराव वर आला की पुरुष मंडळी आडवी येत नाहीत.

जमाखर्च
आता आकडे मांडू. समजा ग्रामपंचायतीचं स्व-उत्पन्न 40 लाख आहे. 10 टक्के म्हणजे 4 लाख. त्यातले 60,000 रुपये "संकटग्रस्त महिला व बालकांना तातडीची मदत" या नावानं स्वतंत्र उपशीर्षात काढा.

एका प्रकरणाचा हिशोब, आई आणि दोन मुलं धरून: कोल्हापूर किंवा इचलकरंजीपर्यंत गाडी 800, तीन दिवसांचं जेवण-नाश्ता 900, कपडे, सॅनिटरी पॅड आणि बाळाचं दूध 1,200, औषधं व तपासण्या 600, कागदपत्रं आणि फोन 500. एकूण 4,000. म्हणजे 60,000 मध्ये 15 प्रकरणं बसतात. मध्यम गावाला तेवढं पुरावं. प्रकरणं जास्त आली तर पुनर्विनियोजन, म्हणजे दुसऱ्या शीर्षातली रक्कम इकडं वळवणं, करता येतं.

खरी किल्ली स्थायी अग्रिमात, म्हणजे खर्चासाठी आधीच हाताशी ठेवलेल्या रोख रकमेत आहे. 60,000 खात्यात असून उपयोग नाही, कारण स्वनिधीच्या धनादेशालाही दोन सह्या लागतात. म्हणून 10,000 रुपयांचं स्थायी अग्रिम एका नावानिशी ठरवलेल्या कर्मचाऱ्याकडं ठेवा. 5,000 खर्च झाले की पावत्या लावून भरपाई करून घ्या, संपायची वाट बघू नका. दहा हजारांत अडीच प्रकरणं निघतात, आणि दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की एका आठवड्यातच दोन येऊ शकतात.

चुका कुठं होतात तेही सांगतो. अग्रिम सरपंचांच्या नावानं काढलं जातं, ते गावाला गेले की पैसे कुलपात. किंवा अग्रिमाचा हिशोब 31 मार्चला बंद करून पैसे परत भरले जातात आणि नवीन अग्रिम जूनमध्ये निघतं. एप्रिल-मे कोरडे. तेव्हा ठरावातच लिहा की 1 एप्रिलपासून अग्रिम पुन्हा चालू राहील.

कोर्टवाट
कायद्याची बाजू थोडक्यात मांडते, कारण कुठल्या हद्दीतलं प्रकरण यावरच पहिल्यांदा हात झटकले जातात.

कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 च्या कलम 27 प्रमाणे बाई जिथं तात्पुरती राहते किंवा काम करते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढंही अर्ज चालतो. लग्न आझमगडला झालं असलं तरी अर्ज इचलकरंजीला. कायद्यात "महिला" म्हटलंय, नागरिक नव्हे. त्यामुळं नेपाळी बाईलाही तोच हक्क. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली महिलेला उत्पन्नाची अट नाही. नालसाचा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) क्रमांक 15100.

गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असेल तर शून्य क्रमांकानं एफआयआर घ्यावाच लागतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173. सासरी छळ झाला आणि बाई इथं आसऱ्याला आली, तरी इथं तक्रार चालते हे सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये रूपाली देवी प्रकरणात स्पष्ट केलंय. जुनं 498-अ आता भारतीय न्याय संहितेचं कलम 85.

आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट: कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे नियम 16 आणि 17. निवारागृहानं किंवा रुग्णालयानं "आधी कौटुंबिक घटना अहवाल आणा" म्हणून दार बंद करायचं नाही. अहवाल नंतर होतो. संरक्षण अधिकारी तो मोफत भरून देतात आणि त्याची प्रतही मोफत मिळते.

पंचगंगाघाट
ताई, अर्ज झाल्यावर हातात पैसे यायला किती दिवस?

कोर्टवाट
कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 12 च्या अर्जावर पहिली तारीख साधारण 3 दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात नोटीस बजावण्यातच वेळ जातो, कारण नवरा खोली सोडून दुसऱ्या शेडवर गेलेला असतो. म्हणून अर्जासोबत कलम 23 खाली एकतर्फी अंतरिम आदेश मागायचा, प्रतिज्ञापत्र नमुना 3 मध्ये. खोलीभाडं कलम 19 खाली मागता येतं, खर्च कलम 20 खाली. स्त्रीधन आणि मौल्यवान वस्तू परत द्यायचा आदेश कलम 19(8) खाली मिळतो, कागदपत्रंही त्यातच ठळक मागा. तरी अंतरिम पैसा तिसऱ्या दिवशी हातात पडेल असं धरून चालू नका. तुमचे 4,000 रुपये त्याच फटीसाठी आहेत.

वॉर्ड_बाहेर
दवाखान्याचा खर्च 600 धरलाय त्याबद्दल. इचलकरंजीचं आयजीएम रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडं आहे. ऑगस्ट 2023 पासून त्या विभागाच्या दवाखान्यात केसपेपरपासून तपासणीपर्यंत मोफत. कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडं, तिथं तो निर्णय लागू नाही, किरकोळ शुल्क पडतं. तेव्हा हाडाची, डोक्याची इजा असेल तर सीपीआर, नाहीतर जवळचं ग्रामीण रुग्णालय किंवा आयजीएम. बलात्कार किंवा ॲसिडचं प्रकरण असेल तर सरकारी असो की खासगी, कोणत्याही रुग्णालयानं तातडीचे उपचार मोफत करायचे आहेत, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 397.

"पडले" म्हणून नोंद झाली की पुढं कोर्टात ती काच टोचत राहते. बाई आपल्या भाषेत काय म्हणते ते नीट समजून घेऊन, कोणी मारलं आणि कशानं हे एमएलसीत, म्हणजे पोलीस प्रकरणाच्या वैद्यकीय नोंदीत, उतरवायला लावा. दुभाषी म्हणून नवऱ्याचा भाऊ किंवा शेडमालक कधीही नको. गावातल्या शाळेत उडिया किंवा हिंदी चांगली येणाऱ्या बाईची दोन नावं आधीच लिहून ठेवा. तिचा प्रवासखर्चही या शीर्षात धरा.

नदीपल्याड
निपाणी, चिक्कोडीकडच्या कानडी बायकांनाही हेच लागू आहे. सखी केंद्र, म्हणजे संकटातल्या महिलांचं मदत केंद्र, ही केंद्र सरकारची योजना, दोन्ही राज्यांत आहे. सीमेवर "तुमच्याकडं जा, आमच्याकडं नाही" हा खेळ होतो, तेव्हा कलम 27 ची झेरॉक्स पिशवीत असू द्या.

सायझिंग
सखी वन स्टॉप सेंटर एप्रिल 2015 पासूनच्या योजनेतलं, आता मिशन शक्तीच्या संबल भागात, पूर्ण केंद्राचा पैसा. तिथं मुक्काम 5 दिवसांपर्यंत. सोबत मुली कोणत्याही वयाच्या, मुलगे 12 वर्षांपर्यंत. इथंच दोन गोष्टी अडतात.

एक, 13-14 वर्षांचा मुलगा. आई त्याला सोडून जात नाही आणि मग जातच नाही. अशा वेळी 1098 ही बालकांची हेल्पलाइन आणि बालकल्याण समितीमार्फत त्याची वेगळी पण जवळची सोय करावी लागते, आणि आईला ते आधी समजावून सांगावं लागतं.

दोन, परतीची गाडी. कोल्हापुरातनं धनबादकडं जाणारी दीक्षाभूमी एक्स्प्रेस आठवड्यातनं एकदाच सुटते. बाई शनिवारी बाहेर पडली तर पुढच्या गाडीपर्यंतचे दिवस 5 पेक्षा जास्त होतात. शक्ती सदनात, म्हणजे जास्त दिवसांच्या निवारागृहात, हलवायला आदेश लागतो. मधल्या एक-दोन रात्रींसाठी ग्रामपंचायतीनं ओळखीच्या महिला वसतिगृहाशी किंवा संस्थेशी आधीच दर ठरवून करार करावा. नाहीतर मिरज किंवा पुण्याहून गाडी बघावी. राज्यात एसटीला मार्च 2023 पासून महिलांना निम्मं भाडं आहे, तेवढा खर्च वाचतो.

माहेरी पाठवणं म्हणजेच सुटका असं धरू नका मात्र. तिला इथं राहून काम करायचं असेल तर तिकीट तिच्या हातात कोंबू नका. "पाठवून दिली, प्रकरण मिटलं" अशी नोंद अहवालात छान दिसते, पण ती बाई दुसऱ्याच महिन्यात त्याच घरात परत येते.

कोयता_हंगाम
ऊसतोडीच्या बायकांचं वेगळं आहे, ते नीट बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, त्या जोडीवर घेतलेली असते, पैसे नवऱ्याच्या हातात गेलेले असतात. बाई निघाली की कोयता मोडतो आणि मुकादम उचल मागत आडवा उभा राहतो. म्हणजे नवऱ्याइतकाच मुकादमही तिला अडवतो, आणि फडावरचं कोणी साक्षीला येत नाही, कारण प्रत्येकाच्या डोक्यावर उचल आहे.

उचलीपायी माणसाला डांबून ठेवणं ही वेठबिगारी आहे, 1976 चा कायदा. त्याखाली ते कर्जच रद्द होतं. आता पैशाची गोष्ट. केंद्राच्या 2016 च्या पुनर्वसन योजनेत प्रत्येक जिल्हाधिकाऱ्यांकडं किमान 10 लाखांचा कायमस्वरूपी निधी असायला हवा, आणि सुटलेल्या व्यक्तीला तातडीची रोख मदत त्यातनं मिळते. 2021 च्या सुधारणेनंतर ती 30,000 रुपयांपर्यंत आहे. गुन्हा सिद्ध होईपर्यंत थांबायची गरज नाही. अर्ज प्रांत कार्यालयात करायचा, मुक्तता प्रमाणपत्र मागायचं.

चूक काय होते? तक्रारीत फक्त "नवरा मारतो" एवढंच लिहिलं जातं. उचल, मुकादमानं अडवणं, मजुरी कधीच तिच्या हातात न येणं हे लिहिलं जात नाही. मग ते प्रकरण कौटुंबिक ठरतं आणि हा निधी लागू होत नाही. दोन्ही गोष्टी दोन वेगळ्या अर्जांत लिहा.

शिरोळवाला
मनोधैर्य योजनेतनं नाही का होत? दहा लाखांपर्यंत ना?

कोर्टवाट
ती बलात्कार, पॉक्सो (बालकांवरचे लैंगिक अत्याचार), ॲसिड हल्ला यांसाठी आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत. घरातली मारहाण त्यात बसत नाही. लोक दोन महिने त्या अर्जामागं घालवतात, म्हणून पहिल्याच दिवशी सांगून टाका. शेडमध्ये मालकानं किंवा मुकादमानं लैंगिक त्रास दिला असेल आणि कामगार 10 पेक्षा कमी असतील, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं, 3 महिन्यांच्या आत.

वॉर्ड_बाहेर
कागदपत्रांसाठीचे 500 कुठं लागतात तेही लिहिते. ई-आधारला ओटीपी लागतो आणि नंबर नवऱ्याचा. म्हणून सायबर कॅफेत जाऊ नका, आधार केंद्रात जा. तिथं अंगठ्यावर आधार शोधून छापील प्रत मिळते आणि मोबाईल नंबरही बदलता येतो. आधी नवीन सिम, मग नंबर बदल, मग पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत खातं. हा क्रम उलटा केला की दोन फेऱ्या वाया जातात. रेशन दुसऱ्या राज्याचं असलं तरी वन नेशन वन रेशनमध्ये इथं उचलता येतं, पण त्या महिन्याचा कोटा नवऱ्यानं आधीच उचलला असेल तर दुकानदार काही करू शकत नाही.

आणि नवीन फोनवर जुनं गुगल खातं उघडू नका. त्यातनं ती कुठं आहे ते नवऱ्याला कळतं.

पंचगंगाघाट
सगळ्यांचं धरून ठरावाचा मसुदा केलाय, बघा:

"महिला व बालकल्याण 10 टक्के निधीतून 60,000 रुपये 'संकटग्रस्त महिला व बालकांना तातडीची मदत' या उपशीर्षात राखून ठेवण्यात येत आहेत. पंचायत हद्दीत राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या कोणत्याही महिलेस, रहिवासी दाखला, आधार अथवा पोलीस तक्रारीची अट न घालता, प्रति प्रकरण 4,000 रुपयांपर्यंत वाहन, भोजन, वस्त्र, औषध, निवास, दुभाषी व प्रवास यांवर खर्च करता येईल. 10,000 रुपयांचे स्थायी अग्रिम ग्रामपंचायत अधिकारी यांच्याकडे राहील, त्यांच्या अनुपस्थितीत अंगणवाडी पर्यवेक्षिका यांच्याकडे. पीडित महिलेचे नाव, वय, पत्ता व खर्चाचा तपशील मासिक सभेपुढे ठेवावा."

जमाखर्च
शेवटचं वाक्य आधी खोडा. मासिक सभेत नाव वाचलं की संध्याकाळपर्यंत नवऱ्याला कळतं. प्रमाणकावर (व्हाउचरवर) फक्त प्रकरण क्रमांक लिहा, 1/25-26 असा. नाव आणि अंगठा वेगळ्या नोंदवहीत, ती बंद पाकिटात सही-शिक्क्यानिशी कपाटात. स्थानिक निधी लेखापरीक्षकांनी मागितली तरच त्यांच्यासमोर उघडायची. सभेपुढं फक्त "प्रकरणे 3, खर्च 11,200" एवढंच जावं.

दुसरं, पर्यवेक्षिका तुमच्या कर्मचारी नाहीत, जिल्हा परिषदेच्या आहेत. त्यांच्याकडं ग्रामपंचायतीचं अग्रिम ठेवलं तर आक्षेप येईल. ग्रामपंचायतीचा लिपिक किंवा पाणीपुरवठा कर्मचारी, ज्याच्याकडं वसुलीची पावतीपुस्तकं असतात आणि ज्याची सुरक्षा ठेव भरलेली आहे, त्याचं नाव घाला.

तिसरं, रिक्षावाला पावती देत नाही. "50 रुपयांच्या वरच्या खर्चास पावती" अशी अट जुन्या सवयीनं कोणीतरी घालील. त्याऐवजी 1,000 पर्यंत खर्चाला दोघांच्या सहीचं प्रमाणपत्र चालेल असं ठरावात लिहा.

सायझिंग
महापालिकेत हेच करायचं तर प्रशासन अधिकाऱ्यांना प्रभाग कार्यालयनिहाय अग्रिम मागा. कोल्हापुरात नोव्हेंबर 2020 पासून बराच काळ प्रशासक होते, जिल्हा परिषदेत मार्च 2022 पासून. त्या काळात समितीच नव्हती, त्यामुळं समितीवर अवलंबून असलेले खर्च आधी थांबले. ठरावातल्या अधिकारात पदाचं नाव घाला, समितीचं घालू नका.

पंचगंगाघाट
तिन्ही बदल केले. लिपिकाची ठेव भरलेली आहे का ते उद्या दप्तरात बघतो. महिला सभा गुरुवारी दुपारी तीनला लावलीय. कांड्या भरणाऱ्या बायकांची दुपारची सुट्टी तीच असते.

कोर्टवाट
सभेची नोटीस हिंदीतही लावा, शेडच्या दाराशी नको, नळाजवळ लावा. आणि त्यावर 112 (आपत्कालीन मदत), 181 (महिला हेल्पलाइन) हे आकडे मोठ्या अक्षरात.